खिडकीजवळचं टेबल आणि माझा रविवार

नाही, पण मी म्हणतो, विद्यापीठाला एवढी मोठी कमान बांधायची गरजच काय? हत्ती शिकायला येतात का तिथे? दोन हत्ती एकमेकांच्या पाठीवर उभे राहून आत जातील एवढी कमान, आणि तिच्याखालून जायला बंदी! का? तर ती पाहुण्यांसाठी. शिकणाऱ्यांनी बाजूच्या फटीतून यायचं, अंग चोरून. आत हिरवळ बघाल तर अशी, की वाटतं आडवं पडावं... तर पाटी, 'बसू नये.' कारंजं आहे, त्यात पाणी नाही. बाक आहे, तो उन्हात. सावली आहे, तिथे गाड्या लावलेल्या! तुम्हाला सांगतो, मी सातवीत शाळा सोडली ती बरं केलं. नाहीतर एवढं शिकून मलाही कुणीतरी अशाच फटीतून आत घेतलं असतं.

मी सुतार. मला विद्यापीठात काय काम? काम ताईचं. म्हणजे माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचं. ती शिकायची तिथे, चार वर्षं. घरी आली की चप्पल काढायच्या आधी सुरू, "अरे, आमच्या वाचनालयातलं खिडकीजवळचं टेबल इतकं डुगडुगतं! मी 'अ' काढते, त्याचा 'आ' होतो. तू सुतार ना? एकदा येऊन बघ ना."

मी म्हटलं, बघू, रविवारी येतो.

मी म्हटलं, खिडकी सोडून आतल्या टेबलावर बस की! तर म्हणे, "तिथून झाड दिसत नाही. समोर झाड असलं की वाचलेलं डोक्यात उतरतं." आता झाडाचा आणि डोक्याचा काय संबंध? मला झाड दिसलं की त्यात आठ दरवाजे आणि एक देव्हारा दिसतो. ती म्हणायची, "म्हणूनच तू सातवीत अडकलास. तुमच्या वर्गाला खिडकी नव्हती." मला बरं वाटायचं हो! सगळं जग म्हणायचं मी ढ, आणि ही एकटी सगळा दोष भिंतीला द्यायची.

तर चार वर्षं ते टेबल आणि चार वर्षं माझं... बघू, रविवारी येतो.

आणि या वर्षी ती गेली. चार दिवसांचा ताप. बस्स. तेवढाच. तेराव्या दिवसानंतर आई म्हणाली, "तिची दोन पुस्तकं राहिलीत वाचनालयाची, देऊन ये." मी पुस्तकं पिशवीत टाकली, आणि हातोडी टाकली, आणि करवत, आणि पटाशी. आई म्हणाली, "पुस्तकं परत करायला करवत?" मी तोवर चप्पल घातलेली. माझं डोकं असंच आहे, पाय आधी निघतात, डोकं मागून रिक्षा करून येतं.

दारावर रखवालदार. "पिशवीत काय?" म्हटलं, पुस्तकं. त्यानं हात घातला, बाहेर आली करवत! माझ्याकडे बघितलं, करवतीकडे बघितलं, "हे कुठल्या विषयाला लागतं?" म्हटलं, टेबल या विषयाला. त्याला काय वाटलं कोण जाणे, सोडलं बिचाऱ्यानं.

आत शिरतो न शिरतो तोच एक मॅडम, हातात कागदांचा गठ्ठा. "एक मिनिट! पाहणी आहे. परिसराच्या सौंदर्यामुळे तुमचं शिकण्यातलं समाधान कितपत वाढतं? एक ते पाच. कुठल्या विभागाचे तुम्ही?" म्हटलं, फर्निचर. त्यांनी लिहून घेतलं हो! वर म्हणतात, "नवीन विभाग दिसतोय." म्हटलं, मॅडम, मी सातवी शिकलेला माणूस, मला पाचपैकी किती ते काय विचारता, मला कुणी पाचपैकी दोनच्या वर दिले नाहीत कधी! तर म्हणे, "असू द्या, दरवर्षी करतो आम्ही ही पाहणी, प्रत्येक मत मोलाचं आहे." आणि कागद दिला हातात.

बरं, वाचनालयात खिडकीजवळचं टेबल म्हणजे एकच असेल ना? बारा! बारा खिडक्या, बारा टेबलं, आणि बाराही खिडक्यांतून झाड दिसतं! आता ताईचं कुठलं? विचारायचं कुणाला? जिला विचारायचं तिला... असो. मी पहिल्या टेबलावर हात ठेवला. डुगडुग. दुसऱ्यावर ठेवला. डुगडुग. तिसरं तर हात न ठेवताच! मी म्हटलं, ठीक आहे, तुझं सापडत नाही ना, सगळीच करतो. आणि पहिलं टेबल केलं की उलटं! त्यावर एक मुलगा झोपला होता, हे मला नंतर कळलं.

तुम्हाला सांगतो, भिंतीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत 'शांतता राखा', आणि त्याच्याखाली मी ठाक ठाक ठाक! ग्रंथपाल धावत आले, चष्मा कपाळावर, "अहो, अहो! काय चाललंय? परवानगी कुणाची? अर्ज केलात का?" म्हटलं, साहेब, एका पाचरीचं काम आहे, तुमचा अर्ज लिहीपर्यंत माझी तीन टेबलं होतील. तेवढ्यात मागून एक मुलगी, "सर, करू द्या ना, चार वर्षांत पहिल्यांदा माझी रेघ सरळ आली!" मग काय, जो तो आपापल्या टेबलाची तक्रार घेऊन उभा. "दादा, माझंही बघा." "दादा, या खुर्चीचा एक पाय आखूड आहे." मला आयुष्यात कुणी एवढा मान दिला नव्हता, तोही विद्यापीठात! छाती अशी फुगली... आणि लगेच खाली बसली. कारण हे सगळं बघायला जी हवी होती, ती चार वर्षं बोलावत होती. आणि मी काय म्हणत होतो? बघू, रविवारी येतो.

आता प्रत्येक टेबलाच्या पायाखाली काहीतरी कोंबलेलं असतंच. कुठे पुठ्ठा, कुठे खोडरबर, एकाखाली तर प्रश्नपत्रिका, चांगली जागा मिळाली तिला. अकरावं टेबल उचललं, पायाखाली कागद. आठ घड्या. उलगडला, तर तोच पाहणीचा कागद, मॅडमनी मला दिला तसा, फक्त गेल्या वर्षीचा. भरलेला. आणि अक्षर...

'अ'चा 'आ' झालेला.

मी तिथेच फरशीवर बसलो. मला वाचायला वेळ लागतो, एकेक शब्द बोट ठेवून. झाडे, पाच. प्रकाश, पाच. इमारत, तीन. टेबलखुर्च्या... चार! डुगडुगणाऱ्या टेबलाला चार, अहो! एवढा मोठा गुण मी कधी मिळवला नव्हता, तो माझ्या न केलेल्या कामाला मिळाला! आणि खाली, 'काही सूचना असल्यास.' तिथे लिहिलं होतं, 'वाचनालय महिन्यातून एक रविवार उघडे ठेवावे. माझा भाऊ सुतार आहे. त्याला तेवढीच सवड असते.'

मी ग्रंथपालांना विचारलं, साहेब, रविवारी बंद असतं हे? म्हणाले, "पहिल्यापासून."

म्हणजे बघा! चार वर्षं मी म्हणतोय रविवारी येतो, आणि तिला माहीत आहे की रविवारी कुलूप असतं. एकदा तरी म्हणावं ना, "गाढवा, रविवारी बंद असतं"! नाही म्हणाली. म्हणाली असती तर मला कायमचं निमित्त मिळालं असतं, हे तिला माहीत होतं. मला बदलण्यापेक्षा विद्यापीठ बदलणं तिला सोपं वाटलं! आणि तो कागदही तिनं दिला नाही, कारण लिहिताना टेबल हलत होतं, कागद तिथेच पायाखाली कामाला लागला.

पाहणीच्या मॅडम वाचनालयातही पोचल्या होत्या, म्हणाल्या, "लागलं का हो? डोळ्यांत पाणी आलंय." म्हटलं, हो, अंगठ्यावर हातोडी बसली. अंगठ्याला काहीही झालेलं नव्हतं.

मग ते टेबल केलं. सावकाश. पाचर तासली, ठोकली, चारी पायांवर हात ठेवून बघितलं. हललं नाही. वर दोन्ही कोपरं टेकली आणि समोर बघितलं, तर झाड. आणि पहिल्यांदा, आईशपथ, मला त्यात एकही दरवाजा दिसला नाही.

बारावं झालं, ताईची पुस्तकंही परत दिली, तेव्हा ग्रंथपाल चहा घेऊन आले. त्यांचा सूर एकदम बदललेला! "अहो, वरच्या मजल्यावर चाळीस टेबलं आहेत अशीच. कधी येता?"

आणि माझं हे तोंड! तुम्हाला सांगतो, जळो हे तोंड, माझ्या आधी बोलून मोकळं, "रविवारी."

ते म्हणाले, "रविवारी बंद असतं."

म्हटलं, मग उघडा की साहेब. तुमच्याकडे तशी सूचना आलेली आहे, लेखी, गेल्या वर्षीची. आणि आठ घड्यांचा तो कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. वाचला. पुन्हा वाचला. मग कागदाच्या घड्या होत्या तशा घातल्या, माझ्या हातात दिला, आणि म्हणाले,

"बघू."

आता 'बघू' म्हणजे काय, हे या जगात माझ्याइतकं कुणाला कळणार हो!