हातातून सुटली तर

डायव्हिंगच्या दुकानात आम्ही तीन गिऱ्हाइकं होतो आणि काउंटरवर पाण्याखाली हातात धरून पुढे जायच्या छोट्या स्कूटर होत्या दोन. माझ्यापुढे एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते.

“ताई, हीच घेतो. स्नॉर्केलिंगला चालते, श्वास रोखून बुडी मारायला चालते, सिलिंडर लावूनही चालते.”

“हातातून सुटली तर वर येते का?”

“झालं हिचं सुरू!”

“मागची बुडाली तेव्हा तिच्यामागे तळाशी कोण गेलं होतं? केसांना धरून वर ओढलं मी तुला. आईला अजून सांगितलेलं नाही.”

“हळू बोल गं, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत! अक्कल गहाण ठेवलीयस, ते कळू दे सगळ्यांना.”

“मॅडम, ही तरंगते,” दुकानदार म्हणाला. “सोडली की आपोआप वर येते.”

“ऐकलंस?”

“आता तिच्यावर तुझा कॅमेरा बसव.”

“कॅमेऱ्याचा काय संबंध?”

“त्याच्याशिवाय कधी पाण्यात उतरलायस? बसव म्हणते ना! अहो, ती चाचणीची टाकी उघडा.”

भावाने फणकाऱ्याने कॅमेरा बसवला आणि स्कूटर पाण्यात सोडली.

टाकी दीड मीटर खोल होती. स्कूटर चार सेकंदांत तळाला टेकली.