बर्फातले बाबा

डॉक्टरांच्या खोलीबाहेर सुजलेला अंगठा सांभाळत बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारच्या बाकावरच्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

“दादा, बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. डॉक्टर बर्फाच्या मूर्ती बंद करा म्हणणार.”

“मग कर बंद! मातीकाम आहे ना तुझं? भाजलं की टिकतं तरी. बर्फ म्हणजे दिवसभर मरमर करायची आणि संध्याकाळी फरशी पुसायची. पण तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.”

“बाबा गेल्यावर त्यांचा चेहरा मी दोन्हींत केला होता. आठवतं?”

“मातीचा आहे की आमच्या दारापाशी.”

“हो, मागे आले तेव्हा त्यावर तुझी टोपी होती.”

“अगं, जागा सोयीची आहे.”

“असू दे रे. पण बर्फाचा प्रदर्शनात ठेवला, तेव्हा तू उभ्या उभ्या बघून जातो म्हणाला होतास.”

“बस चुकली माझी.”

“आधी नाक गेलं, मग कपाळ. रखवालदार दिवे मालवायला लागला, तरी तू तिथंच.”

“हनुवटी राहिली होती गं. अगदी बाबांची. मातीत नाही जमली तुला तशी.”

“दादा, साचा एकच होता.”

तेवढ्यात आतून हाक आली आणि दोघं उठली. दार नीट लागलं नाही.

“डॉक्टर, मी हिचा थोरला भाऊ,” शिंप्याला ऐकू आलं. “‘बर्फ सोडा’ एवढं सोडून दुसरं काय करायचं ते सांगा.”