दगडी वाघाला हाक

नळदुर्ग एसटी स्टँड. माझ्या मागच्या बाकावर शाळकरी महेश्वरी आणि तिची अज्जी.

"अज्जी, आजच गोष्ट द्यायचीय शाळेत, अन् त्यातली माझी रत्ना किल्ल्यात अडकली. मागं रझाकार, पुढं दार बंद."

"दारावर कोण हाय?"

"दगडी वाघ. त्याला जागा करायला मंत्रच सुचंना!"

"पोरगी भ्याली का?"

"लई!"

"मग बापाला हाक मारंल की."

"व्हय. 'बा!' म्हणून ओरडंल."

"वाघ कुठला गं?"

"विजापूरचा."

"म्हंजी कानडी. कानडीत 'बा' म्हंजी काय?"

"'ये'... म्हंजी, अज्जी, वाघ आला!"

"बोलावल्यावर येणारच. बसव तिला पाठीवर."

"एसटी लागली, अज्जी, चला!"

"थांब गं. आधी रत्नाला दाराबाहेर काढ."