ऐनावरचं बोलणं

— नाय नाय, तुमाला कोणीतरी चुकीचं सांगितलं, कळलं तेव्हा मी हॉस्पिटलात नव्हतो, खळ्यात होतो. भात झोडत होतो. तुमी बसा आधी, त्या खाटेवर नको, ती करकरते, या पेटीवर बसा — आणि ती एक्स-रेची पिशवी खाली ठेवा हो, मांडीवर घेऊन बसलाय जसं काय तान्हं बाळ. हां. तर दिवस कसा होता? रोजच्यासारखा. दिवाळी होऊन गेलेली, ऊन चांगलं पडलेलं. या बाजूला मी, त्या बाजूला माझा धाकटा भाऊ नवसू, मध्ये फळी, आणि दोघं पेंढ्या आपटतोय — एक त्याची, एक माझी, एक त्याची, एक माझी. केसांत सगळं भुसकट. तेवढ्यात ही अक्षदा आली, आमची आशाताई, सरकारी दवाखान्याचं काम करणारी, जिनं तुमाला माझ्याकडं पाठवलंय तीच. लांबूनच बोल्ली, भगीरथकाका, जरा बाजूला या. तर नवसू बोल्ला, बाजूला कशाला गो, इथंच सांग. मग तिनं सांगितलं. टीबी नाय, गाठ आहे, डाव्या फुप्फुसात, कॅन्सरची. मी काय विचारलं असेल? मी विचारलं, मग त्या टीबीच्या गोळ्यांचं काय? पाच महिने खाल्लेल्या मी, लघवी लालभडक व्हायची, एका डॉक्टरनं खोकला बघून चालू केलेल्या. ती बोल्ली, त्या आता बंद. मी बोल्लो, बरं. नवसू पेंढी हातात धरून तसाच उभा. मी त्याला बोल्लो, आपट ना रे, भारे किती राहिले? अठरा. ते अठरा भारे झोडले आणि मग घरी आलो. नवसू नंतर सगळ्यांना सांगायचा, आमच्या दादाला कॅन्सर झाला त्या दिवशी आमी अठरा भारे झोडले. सांगायचा. आता नाय तो. गेल्या भादव्यात गेला.

होय, बिडी ओढायचो ना, खोटं कशाला बोलू. दोघंपण ओढायचो. आणि नऊ वर्षं दोघं खडी मशीनवर, धुरळ्यात — आता कशानं झालं ते तुमीच सांगा, तुमी शिकलेले. तुमी ओढत नाय? कधीच नाय? आणि तरी झालं? बघा मग. कशानं झालं त्याचा नाद सोडा. सोमवारी तुमची ऑपरेशनची तारीख आहे आणि तुमी जायचं नाय असं ठरवून धसईवरनं दोन गाड्या करून इथं आलात — कशाला? मी तुमाला नको जाऊ म्हणावं म्हणून? अक्षदानं फोनवर सांगितलंय मला सगळं. तुमची बायको रडते, तुमी जेवत नाय. आणि एकच विचारायचंय तुमाला, चढण चढून आल्या आल्या विचारलंत पण, पाणी पण प्यायला नाय — काका, दुखतं का अजून?

थांबा, दाखवतो. घाबरू नका, शर्ट नुसता वर करतो. हे इथनं, छातीच्या खालनं सुरू, काखेखालनं वळून मागं पाठीवर, पार खांद्याच्या पात्यापर्यंत. पौषात कापलं, मुंबईला, दोन वर्षं झाली. फासळ्यांच्या मधनं आत जातात ना, तर फासळ्या फाकवाव्या लागतात — आपण लाकडात पाचर ठोकून फाकवतो तसं. जखम महिन्यात भरली. टाके काढणारी पोरगी बोल्ली, काका, किती छान भरलीय. छानच भरलीय, मला दिसत नाय म्हणून, नायतर मी पण कौतुक केलं असतं. पण आतनं काय आहे बघा — ही जागा आहे ना, वीतभर, ही बहिरी. चिमटा काढा, कळणार नाय. लहानीनं, माझ्या बायकोनं, मीठ गरम करून फडक्यात बांधून शेकलं, कातडी भाजून फोड आला तरी मला पत्ता नाय. आणि त्याच जागेला वारा लागला, नुसता वारा, की मी ओरडतो. भाजलेलं कळत नाय आणि वारा कळतो! शर्टाची शिवण लागली की करंट बसतो. म्हणून हा शर्ट उलटा. तुमी मघाशी बघितलंत, बोल्ला नाय. भल्या घरचे दिसता. इथं सगळे बोलून झालेत — भगीरथ, शर्ट उलटा झालाय. एकाला सांगितलं, शर्ट सुलटाय, मी उलटा झालोय.

डॉक्टर बोल्ला, नस दुखावलीय, कोणाकोणाला राहतं असं. सगळ्यांना नाय हां, हे ऐका नीट, सगळ्यांना नाय राहत. माझ्या शेजारच्या खाटेवर भिवंडीचा एक माणूस होता, तो सहा महिन्यांत टेम्पो चालवायला लागला. मला राहिलं. दुखण्याच्या दवाखान्यात पाठवलं, तिथला पोरगा विचारतो, काका, एक ते दहात किती दुखतं? आता एक ते दहात काय सांगू? मी बोल्लो, पावशेर. हसला नाय तो. लिहून घेतलं. मग नसेची गोळी दिली, ती खाल्ली की दिवसभर माणूस कोंबडीसारखा डुलतो. म्हणून फक्त रात्रीची घेतो. भगत पण आणला घरच्यांनी, त्यानं नारळ फोडला — खोबरं चांगलं होतं. खोकला आला तर उशी अशी पोटाशी-छातीशी आवळून धरायची, मग खोकायचं, हे हॉस्पिटलात शिकवतात, ते लक्ष देऊन शिका, लाजू नका. तीन चेंडूंचं एक खेळणं देतात फुंकायला — फुंकायला नाय, ओढायला — ते फेकू नका. माझं बघा, त्या कोनाड्यात, तिसरा चेंडू अजून वर जात नाय हरामखोर, पण रोज सकाळी त्याच्याशी भांडतो.

आणि दुखण्याला आमच्या घरात आमी जावई म्हणतो. हसा, हसा. लहानीनंच नाव ठेवलं. कधी येईल सांगता येत नाय, आला की जात नाय, जेवताना येऊन बसतो, पाऊस यायचा असला की दोन दिवस आधी येतो. काय मागेल ते द्यायचं — पडून राहायला बोल्ला, पडायचं. शेक मागितला, द्यायचा, आता जपून. पण घर त्याच्या नावावर करायचं नाय. एवढं एकच. घर माझं आहे. मी त्याला तोंडावर सांगतो — तू आहेस म्हणजे मी आहे, मेलेल्याला दुखत नाय, बस तिकडं कोपऱ्यात. लहानी बोल्ते, कोणाशी बोलताय? मी बोल्तो, जावयाशी.

पण हे आत्ताचं. हे दोन वर्षांनी आलेलं शहाणपण. पहिलं वर्ष मी असा नव्हतो. पहिलं वर्ष मी… तुमाला ऐनाच्या झाडाचं सांगतो. तो बघा, बांधावरचा, एकटा. तोच.

आमच्याकडं अजून राबाशिवाय भाताचं रोप टाकत नाय. तुमच्या धसईकडं खतावर भागवत असतील, आमी झाडाचा टहाळ तोडतो, वाळवतो, वाफ्यावर पसरून जाळतो, मग त्या राखेत पेरतो. आणि त्या ऐनावर दर साली मीच चढायचो. वीस वर्षांचा असल्यापासनं. मी वर, नवसू खाली मोळ्या बांधायला. कापलं त्याला वर्ष झालेलं, माघ महिना, आणि सगळे काय करत होते? दादा बसा. दादा राहू द्या. पाण्याचा तांब्या उचलला तरी कोणतरी धावत यायचं. कोयता लहानीनं भाताच्या कणगीत लपवलेला! मी बोल्लो, असं काय. नवसूचा कोयता घेतला आणि चढलो. नवसू खालनं, दादा उतर, दादा काय येडेपणा. पहिल्या फांदीपर्यंत काय नाय. दुसऱ्या फांदीला डावा हात वर केला — वर धरलं — आणि जावयानं पकडलं. असं पकडलं की हात सुटेना. खाली येता येईना, वर जाता येईना, ओरडायला गेलो तर छातीत हवा नाय. लाल मुंगळे मानेवरनं चढतायत आणि मी तिथं चिकटलेला. साठीचा माणूस. लाज बघा.

तर नवसू चढला. आयुष्यात त्या झाडावर न चढलेला. मोळीची दोरी कमरेला बांधून, खोकत खोकत चढला, माझ्याशेजारी फांदीवर बसला, माझी बोटं एक-एक करून सोडवली, दोरी माझ्या काखेतनं — डाव्या नाय, उजव्या, एवढं त्याच्या ध्यानात — अशी घेतली. लगेच उतरलो नाय आमी. दम खात बसलो दोघं. समोर भातसा धरणाचं पाणी दिसतं तिथनं, तुमाला खोटं वाटेल, मला पण पहिल्यांदाच दिसलं, दरवर्षी चढतो पण बघतो कोण. आणि तिथं बसून मी रडलो आणि बोल्लो. काय बोल्लो? बोल्लो, नवशा, मी कापून घेतलं ही चूक केली. असं जगण्यापेक्षा तसाच गेलो असतो तर बरं होतं. तू कधी असं करू नको.

नवसू खोकला. एक पान तोडलं, त्यात थुंकला, चुरगळलं आणि खाली टाकलं. मी विचारलं नाय, पानात कशाला थुंकतोस. झाडावरनं माणूस खाली थुंकतो की नाय? सरळ खाली थुंकतो. पान कशाला लागतं? मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. मी माझ्याच दुखण्यात. त्यानं माझे पाय स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि एक-एक फांदी मला खाली आणलं, जसं काय मीच मोळी.

— ये गो. ठेव इथं. घ्या चहा. ही गोजर, नवसूची बायको. बघितलंत? कप तुमच्यासमोर ठेवला, माझा पेटीच्या कडेला. चहा रोज देते, एक दिवस चुकत नाय, पण वर बघत नाय. बोलत पण नाय. बरोबर आहे तिचं.

कारण चैत्रात नवसूचा रिपोर्ट आला. तेच, माझंच, उजव्या बाजूला. आणि डॉक्टर काय बोल्ला माहितीये? बोल्ला, वेळेत आलाय, कापता येईल, भावापेक्षा लहान आहे गाठ. लहान! माझ्यापेक्षा लहान! आमी सगळे खूश. आणि नवसू बोल्ला, नको. मला नाय कापायचं. अक्षदानं समजावलं, गोजर त्याच्या पाया पडली, लहानी चिडली, डॉक्टरनं दोनदा फोन केला. तो सगळ्यांना एकच बोलायचा — मी बघितलंय. दादाला झाडावर बघितलंय मी. औषधं घेतली थोडी, मग ती पण सोडली. पाच महिने. शेवटी शेवटी दुखलंच की त्याला, माझ्यापेक्षा दसपट, ज्याला भिऊन कापलं नाय तेच घेऊन गेला… आणि मी काय — चहा घ्या ना, गार होतोय.

नाय, मला काय नाय झालं. धुळीनं डोळा चुरचुरतो.

हे बघा ज्ञानेश्वरभाऊ. दुखतं. आत्ता पण दुखतंय, बोलतोय तरी बसलाय इथं आत, दोन वर्षांत एक दिवस रजा नाय घेतली त्यानं. अक्षदाला वाटलं असेल, काका गोड बोलून पाठवतील, तर नाय, मी गोड नाय बोलत. तुमाला कदाचित दुखेल. कदाचित नाय दुखणार. शर्ट उलटा घालावा लागला तर घाला. लोक हसले तर हसू द्या. पण सोमवारी जा. मी बसलोय की नाय तुमच्यासमोर? दोन भाताची पिकं खाल्ली मी त्यानंतर. नवरात्रात नातीला उचलून घेतलं, उजव्या हातानं, पण घेतलं. यंदाचा टहाळ पण मीच तोडणार, खालनं, लांब बांबूला कोयती बांधून ठेवलीय, लहानीला पत्ता नाय. त्या जावयाला विचारून नाय करत मी काय. तुमी पण विचारू नका. जा आणि करून घ्या.

ऐकलंत का, खालनं हॉर्न वाजला — किन्हवलीवरनं जाते ती गाडी, शेणव्याला दहा मिनिटं थांबते, उतारानं गेलात तर मिळेल. तिनंच सरळगावला उतरा, पुढं धसईची आहे. उठा. पिशवी घ्या. अशी काखेत मारा, मांडीवर नको.

आता काय बघताय माझ्याकडं? तुमी बसला होता ना, त्याच पेटीवर नवसू बसला होता, रिपोर्ट आल्यावर, संध्याकाळचा. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर माझ्याकडं आला आणि विचारलं, दादा, तू सांग, करू? त्या दिवशी मला लई दुखत होतं. मी बोल्लो, ज्याचं त्यानं बघावं.

जा तुमी, गाडी जाईल.

त्याला मी कर म्हटलं नाय.