वर्ग बंद करणारे हात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावसभेचे प्रमुख डॉन बेनिग्नो, व्यासपीठावर बसलेले वाल्देमार मास्तर, दवाखान्याच्या मारुखाताई, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत त्या इल्सेबाई, आणि बाकांवर, जमिनीवर, दारात दाटीनं बसलेल्या वायापाताच्या माझ्या बंधुभगिनींनो,

कुणाचं नाव राहिलं असेल तर आत्ताच सांगा, मागाहून रुसू नका. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. सकाळपासून भाषण पाठ करतोय आणि इथं उभं राहिल्यावर निम्मं विसरलोय. वर खिंडीत ढग भरलेत, बाईंचा ट्रक अडकला तर काय, हीही धास्ती आहेच. असो.

मला सांगितलंय, बाईंविषयी चांगलं बोला. त्याला काय तोटा? ही पोरगी बेल्जियमहून आपल्या मुलांना आरोग्य शिकवायला आली. पहिले काही आठवडे आपल्या उंच डोंगरावरच्या विरळ हवेत तिला चक्कर यायची, तरी भिंत धरून शिकवायची. हात धुवा, पाणी उकळा, असं शिकवत होती तोवर आपण टाळ्या वाजवल्या. मग तिनं थोरल्या मुलामुलींना एकत्र बसवलं. पाळी का येते, दिवस कसे जातात, कुणी नको तिथं हात लावला तर कुणाला सांगायचं, हे सगळं.

मुलींनी पिठाच्या पोत्याची बाहुली शिवली, तिच्या पोटात लोकरीचं बाळ. माझी नात यानेत ती घेऊन घरी आली. नेमके व्याही जेवायला बसलेले, सूप वाढलेलं. पोरीनं बाहुलीचा परकर वर केला, नाळेसकट बाळ बाहेर ओढलं आणि व्याह्यांना म्हणाली, "बघा आजोबा, तुम्हीपण इथूनच आलात."

हसू नका. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. व्याह्यांचा चमचा तसाच हवेत राहिला होता.

पुढच्या गावसभेत मी उठलो. "आपल्या पोरींची लाज चव्हाट्यावर मांडली आहे," हे शब्द माझे. डॉन बेनिग्नोंनी विचारलं, वर्ग बंद करावा असं कुणाकुणाला वाटतं? पहिला हात माझा वर गेला. मग शेजारच्याचा, मग भिंतीकडच्या बायकांचे. एकही हात खाली राहिला नाही. शेताच्या पाण्याची पाळीसुद्धा आपण हात वर करूनच ठरवतो. एकट्यानं हात खाली ठेवला, तर उद्या पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

वर्ग नाही म्हटल्यावर बाईंना इथं काम उरलं नाही. त्यांना पाठवणाऱ्या संस्थेनं त्यांची बदली दुसऱ्या प्रांतात केली. आणि आपण काय केलं? शाल विणली, मका उकडला, वाजंत्री बोलावली. ज्याला घराबाहेर काढलं त्यालाच उंबऱ्यावर पंगत वाढायची, असला हा समारंभ.

परवा मी अंगावरच्या लोकरी पोंचोखाली अंडी लपवून बाईंच्या खोलीवर गेलो. म्हटलं, "बाई, मनात ठेवू नका. मी रागात बोलून गेलो, बाकीच्यांनी ताणून धरलं." बघा, तिथंही बाकीच्यांवर ढकललं! बाईंनी कोपऱ्यातली टोपली दाखवली. अंड्यांनी शिगोशीग भरलेली.

"बाबा, इतकी अंडी मी एकटी कशी खाऊ?"

"कुणी आणली?"

"नावं नाही सांगणार. जो येतो तो म्हणतो, मला वर्ग हवाच होता, बाकीच्यांमुळे हात वर केला."

नावं कशाला हवीत? वरच हिरव्या कवचाची अंडी होती. तसली अंडी देणाऱ्या कोंबड्या गावात एकाच अंगणात आहेत, आणि ते अंगण...

"फोर्तुनातो, भाषण आवर!"

आवरतो, डॉन बेनिग्नो. तुम्ही लाजू नका. पहिला हात माझाच होता, पापही माझंच मोठं. पण मला एक सांगा, त्या दिवशी ज्याला वर्ग खरंच नको होता, असा माणूस सभेत होता तरी कोण?

परवा बाईंकडून घरी आलो तर यानेत बटाटे सोलत होती. तिची आई लिमात कामाला, आजी देवाघरी गेलेली. मान वर न करता म्हणाली, "आजोबा, आता मला काही झालं तर कुणाला विचारू? तुम्हाला?"

मी दाराकडे बघितलं.

"बरं, चुलीला विचारते," म्हणाली.

गेल्या वर्षी वरच्या आळीतल्या देल्फिनानंही कुणाला विचारलं नव्हतं. दिवस गेलेले लपवायला पोटाला पट्टा आवळून मेंढरं राखत राहिली. आपण तिला पुरलं तेव्हा म्हणालो, देवाची मर्जी. चौदा वर्षांची होती हो ती.

बाई तर आज जाणार, ते आता मला फिरवता यायचं नाही. पण मारुखाताई म्हणतात, दवाखान्याची मागची खोली रिकामी आहे, शिकवायला मी तयार आहे, फक्त गावाचा होकार हवा. निरोपाच्या कार्यक्रमात ठराव मांडत नाहीत, हे मला कळतं. मास्तर, मान हलवू नका. मी बाईंच्या देखतच विचारतो: वर्ग पुन्हा सुरू करावा, असं कुणाकुणाला वाटतं?

हा माझा हात.

शेजाऱ्याकडे बघू नका. आपापल्या घरातल्या पोरीकडे बघा.

इल्सेबाई, तुमचे आभार मानायला आम्हाला तोंड नाही, तरी मानतो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, स्वयंपाकाच्या बायांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, कमीजास्त झालं असेल, तर या म्हाताऱ्याला पदरात घ्या. मात्र मी खाली बसणार नाही. हात वर धरून उभा आहे. खांदा दुखतो माझा, मंडळी. लवकर ठरवा.