मुंगळ्यांचा पाहुणचार

(वळ गावातलं अंगण. उलटी घातलेली जुनी होडी. पंढरीनाथ, त्यांचा मुलगा नरेंद्र, सून सोनल.)

नरेंद्र : शब्द तुमचाच ना, बाबा? होडीला वाळवी लागली की मोडायची, आणि तिथं माझा टेम्पो लावायचा. लागली ना वाळवी?

पंढरीनाथ : लागली. पन तिला खायला मुंगळे आलेत ना. परवा रांगेनं आत शिरले, नि एकेक जन वाळवी तोंडात धरून बाहेर. मी खुर्ची टाकून बघत बसलो.

नरेंद्र : परवाचं सोडा. आज होडीवर एक तरी मुंगळा दिसतोय?

पंढरीनाथ : दमले असतील.

सोनल : दमले कसले. सगळे तुळशीमागे जमलेत. तिथं कोणी काय टाकलंय, बाबा?

पंढरीनाथ : मला काय म्हाईत.

सोनल : बाबा.

पंढरीनाथ : आधी साखर घातली. तोंड न्हाय लावलं. मग ध्यानात आलं, ही शिकारी जात, हिला गोड कुठलं चालतंय. म्हनून जरा सुकट टाकली.

सोनल : जरा? डबा रिकामा झालाय. मी कालपासून मांजराला शिव्या देतेय.

नरेंद्र : झालं. आयतं खायला मिळाल्यावर वाळवीमागे कोण धावेल? चांगली ड्युटी करत होते, तुम्ही त्यांना बसून खायची सवय लावली.

पंढरीनाथ : अरे, आपल्या कामाला आलेत ते. कामाला आलेल्याला उपाशी कसं ठेवायचं? तुझ्या आईनं कधी ठेवलं?

नरेंद्र : आईचं काय मधेच?

पंढरीनाथ : लग्न होऊन ती याच होडीतनं आली, नरू. खाडी भरलेली, शालू सगळा भिजला, तरी हसत होती. मला ही मोडलेली बघवनार न्हाय.

सोनल : अहो, होडी कापायला बोलावलेला सागर कटर घेऊन दापोड्याहून निघालाय.

नरेंद्र : करतो त्याला फोन. आठवडाभर थांब म्हणतो. तू ती सुकट आधी झाडून घे. लागू दे त्यांना भूक.

पंढरीनाथ : आठवडाभर उपाशी?

सोनल : बाबा, होडी पाहिजे की पाहुणे?

पंढरीनाथ : होडी. पन थोडी सुकट ठेव गं, कोपऱ्यात.

नरेंद्र : अजिबात नाही. आणि तोपर्यंत माझा टेम्पो कुठं लावू?

पंढरीनाथ : राहू दे रस्त्यावर. त्याला वाळवी लागत न्हाय.