लिफ्ट जागेवर, बिल्डिंग खाली

नाही, पण मला सांगा, लिफ्ट वर जाते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, मग ती वर का जात नाही हे मलाच का विचारायचं? आणि तेही माझ्याच घरात, माझ्याच वर्गात, मी सगळ्यांसमोर उभी राहून शिकवत असताना? "मॅडम, लिफ्ट वर न्यायची, तर लिफ्टच का नाही हलवायची?" आता याला काय उत्तर देणार माणूस? मी बनवलेल्या कॉम्प्युटर गेममध्ये लिफ्ट हलत नाही. लिफ्ट जागेवर उभी राहते आणि अख्खी बिल्डिंग खाली जाते. खेळणाऱ्याला वाटतं, आपण वर चाललो. चार वर्षं कुणाला पत्ता लागला नव्हता. आणि चुकलं असेल तर चुकलं, मला कुणी शिकवलं होतं?

तुम्हाला सांगते, मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. काम काय, तर नाव लिहून घ्यायचं, "बसा, होईल इतक्यात" म्हणायचं, आणि आतून ड्रिलचा आवाज आला की बाहेर बसलेल्यांचे चेहरे बघायचे. दोन पेशंटच्या मध्ये वेळच वेळ, समोर कॉम्प्युटर, मग मी गेम कसे बनवतात त्याचे व्हिडिओ बघायला लागले. का? अहो, शब्दकोडी संपली होती म्हणून. पण डॉक्टरांचा नियम, रिसेप्शनला आवाज नको, पेशंट आधीच अर्धमेले झालेले असतात. म्हणजे मी सगळं शिक्षण घेतलं ते आवाज बंद करून. व्हिडिओत एक दाढीवाला तोंड हलवतोय, हातवारे करतोय, स्क्रीनवर बाण इकडून तिकडे पळतोय, आणि मी आपली अंदाजपंचे समजून घेतेय. एकदा त्याने गाडी पळवून दाखवली. नीट बघितलं तर गाडी जागेवर आणि रस्ता मागे चाललाय. म्हटलं, अच्छा, असं असतं होय. केली लिफ्ट. आता तो दाढीवाला नेमका तेव्हाच तोंडाने "असं सगळीकडे करू नका" म्हणत असेल तर मला काय ऐकू येणार... मला कुणी शिकवलं होतं?

गेम तसा साधा. एक लिफ्टवाली बाई आहे. लोक येतात, मजला सांगतात, ती पोचवते. कुणाला घाई, कुणी सगळी बटणं दाबून ठेवतो, एक आजोबा कुठे उतरायचं तेच विसरतात. समोर दुसरी लिफ्ट आहे, तिच्यातही एक बाई आहे. दोघींची कधी गाठ पडत नाही, ही वर तर ती खाली. आणि अगदी शेवटी दोन्ही लिफ्ट एकाच मजल्यावर थांबतात, दारं उघडतात आणि दोघी समोरासमोर. एवढंच. त्या दुसरीचा चेहरा माझ्या ताईसारखा झालाय. मुद्दाम नाही हो केला, नाक काढायला घेतलं आणि ताईचंच आलं. ताई आणि मी बोलत नाही. आईच्या शिलाई मशीनवरून बिनसलं. नेलं तिने, आणि शिवत तर काडीचं नाही, वर फुलदाणी ठेवलीय म्हणे. राहते दोन गल्ल्या सोडून. बाजारात दिसली की मी खाली मान घालून बटाटे निवडायला लागते, ती दुकानाच्या पाट्या वाचायला लागते. आठवण येते तिची, खोटं कशाला बोलू? म्हणून तो शेवट मला हवा होता, निदान स्क्रीनवर तरी.

पण तोच होईना. का होईना? मला वर जायचं, म्हणजे बिल्डिंग खाली जायला पाहिजे. तिला खाली यायचं, म्हणजे तीच बिल्डिंग वर जायला पाहिजे. बिल्डिंग एक आणि ओढणाऱ्या दोघी. भूकंप झाल्यासारखी हादरायची नुसती. आजोबा खिडकीतून बाहेर, कुंड्या हवेत, आणि आम्ही दोघी ढिम्म जागच्या जागी. आमच्या ह्यांना दाखवलं तर हे म्हणतात, "मग ती दुसरी लिफ्ट काढूनच टाक ना." काढून टाक म्हणे. ह्यांच्या बहिणीची असती तर काढली असती का?

अशात दाढ काढायला आले पोस्टमन काका. रिटायर झालेले. गाल सुजलेला, त्यात कापूस, आणि नजर माझ्या स्क्रीनवर. "हॅ काय हॅ? मला पण शिकव." म्हटलं, चला, दुसऱ्याला शिकवलं की आपलं पक्कं होतं म्हणतात. सुरू केला रविवारी सकाळी वर्ग, आमच्या हॉलमध्ये. काका, डॉक्टरांची चष्मेवाली भाची, आणि आणखी दोघं-तिघं, ते बिस्किटांसाठी येतात. काकांनी पत्रं वाटायचा गेम केला. माझ्या पद्धतीने, पोस्टमन जागेवर उभा आणि गल्ली चालत येते. काका खूश. "जन्मभर मी चाललो, आता चालू दे जरा गल्लीला." काकांनी कधी शंका काढली नाही. शंका काढली ती भाचीने. तो लिफ्टचा प्रश्न तिचाच. मी म्हटलं, "तू तुझ्या पद्धतीने करून बघ, मोडलं तर मोडू दे." मला एवढंच शिकवता येतं, कारण मला कुणी शिकवलं होतं?

पुढच्या रविवारी बया दोन लिफ्ट घेऊन हजर. एक वर चाललीय, एक खाली येतेय, बिल्डिंग जागची हलत नाही. मी म्हटलं, "कसं केलंस गं?" तर म्हणते, "मॅडम, कोडच्या दोनच ओळी आहेत, व्हिडिओत पहिल्याच मिनिटाला सांगितलंय." बघते तर तोच, माझाच दाढीवाला. पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. इतका चिरका असेल असं वाटलं नव्हतं.

मग काय, अख्खा वर्ग माझ्या गेमला जुंपला. बिल्डिंग थांबवली तर माणसं थांबेनात, जिन्यातून, फरशीतून खालीच चाललीत, मी त्यांना तशीच सवय लावलेली. एकेकाला धरून वर आणलं. आणि एका रविवारी थांबल्या हो दोन्ही लिफ्ट एका मजल्यावर. दारं उघडली. ही तिच्याकडे बघतेय, ती हिच्याकडे. हॉलमध्ये बिस्किट मोडल्याचाही आवाज नाही.

काका म्हणाले, "आता काय बोलतात?"

मी म्हटलं, "काही नाही, बघतात."

"चार वर्षं बिल्डिंग हलवलीस ती नुसतं बघायला?"

खरंच की. दोघींना भेटवायच्या नादात त्या काय बोलतील याचा मी विचारच केला नव्हता. बसले लिहायला. एक वाक्य सुचेल तर शपथ. म्हणजे सुचत होतं, पण सगळी वाक्यं त्या शिलाई मशीनवरच जात होती. शेवटी दवाखान्यातून ताईलाच फोन लावला. नंबर पाठ होता. म्हटलं, "एक विचारायचं होतं. लिफ्टवाली बाई समोरच्या लिफ्टवालीला इतक्या वर्षांनी बघते. पहिलं काय म्हणेल गं?"

ताई म्हणाली, "म्हणेल, किती वाळलीस."

माझा बांधच फुटला. रिसेप्शनवर बसून मोठ्याने रडतेय. समोरचा पेशंट उठून डॉक्टरांना सांगतोय, "माझं राहू द्या, आधी ह्यांना आत घ्या."

तेच वाक्य टाकलं गेममध्ये, ताईच्या चेहऱ्याच्या बाईच्या तोंडी. बरोब्बर बसलं. आता ताई येते दर रविवारी. पहिल्या खुर्चीवर बसते, बिल्डिंग म्हणजे काय, कोड म्हणजे काय, कशाशी देणंघेणं नाही. "माझी लिफ्ट तुझ्यापेक्षा हळू का?" हळू नाहीये, दोन्ही सारख्या आहेत. "माझा युनिफॉर्म फिकट का? आणि आधी मी का बोलायचं? मोठी आहे मी, आधी तू बोल." रंग बदलला तर म्हणते, आता भडक झाला. काका माझ्या नाही, तिच्या बाजूने बोलतात. आणि लोक मला विचारतात, गेम झाला का? झाला होता हो. ताई यायच्या आधी.